रंग नंतर, दात आधी
दावण / सरावलीकर

डहाणू-तलासरीच्या वारली पाड्यांवर लग्नाचा चौक लिहिला जातो, तेव्हा पालघट देवीच्या सोबतीला पंचशिऱ्या घोड्यावर बसून येतो. तो घोडा तांदळाच्या पिठाचा. त्याला दाणावैरण लागत नाही, त्याचे दात झिजत नाहीत. आमच्या सरावलीत एखादी वरात घोड्यावरून निघाली, तर तो घोडा मात्र हाडामांसाचा आणि भाड्याचा असतो. भाडे ठरवताना दोनच प्रश्न विचारले जातात: पांढरा आहे ना, आणि घेणार किती? त्याचे वय किती, हे नवरदेव विचारत नाही, बँडवाला विचारत नाही.

विचारले तरी उत्तर दोन तोंडांत असते. एक मालकाचे, दुसरे घोड्याचे. भरवसा दुसऱ्यावर ठेवावा.

घोड्याचे पटाशीचे दात बारा, सहा वर आणि सहा खाली. अडीच वर्षांच्या सुमारास मधली दुधाची जोडी पडून पक्के दात येतात, साडेतीनला शेजारची जोडी, साडेचारला कडेची. पाचव्या वर्षी तोंड भरते. पुढचा हिशेब झिजेचा. खालच्या दातांच्या माथ्यावरचे खळगे मधून कडेकडे साधारण सहाव्या, सातव्या आणि आठव्या वर्षी बुजतात. दहाच्या आसपास वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी एक उभी रेघ उमटते. पंधराव्या वर्षी ती निम्म्या दातापर्यंत उतरते आणि विसाव्याला टोक गाठते. दातही वयाबरोबर पुढे कलत जातात. पाच वर्षांपर्यंतचा अंदाज बराच पक्का. दहाच्या पुढे मात्र चारा, माती आणि सवयी यांमुळे तो दोन-तीन वर्षांनी सहज चुकतो. ठकांनाही हे शास्त्र ठाऊक आहे. म्हाताऱ्या घोड्याच्या सपाट दातांत खळगे कोरून त्यांना डाग देण्याची लबाडी फार जुनी आहे. ‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ ही म्हण फुकट मिळालेल्या जनावरासाठी ठीक, रोख मोजून घेतलेल्या घोड्यासाठी नव्हे.

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून राज्यातला नावाजलेला घोडेबाजार भरतो. मारवाडी, काठेवाडी, पंजाबी घोडी उतरतात. गिऱ्हाईक पांढराशुभ्र नुकरा शोधते, चारही पाय आणि तोंड पांढरे असलेला पंचकल्याणी शोधते, गळ्यावर देवमनचा शुभ भोवरा आहे का ते पाहते, खोटीचा भोवरा दिसला की मागे सरते. भोवऱ्यासाठी अंगभर हात फिरवणारे गिऱ्हाईक ओठ उचलायला मात्र कचरते. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्याचा जन्म पुण्याच्या स्टड बुक ऑथॉरिटीच्या वहीत नोंदलेला असतो. बाजारातल्या साध्या घोड्याच्या पावतीवरही पशुवैद्याने दात पाहून लिहिलेले वय आणि तपासणीची तारीख असायला हवी. त्याला फारसा खर्च नाही, आणि निम्मे तंटे तिथेच मिटतील.

वय कळले की काम ठरते. गफलत इथेच होते, कारण लोकांना वाटते घोडा जितका कोवळा तितका सौदा फायद्याचा. घोड्याची हाडे एकदम पक्की होत नाहीत. पायांची आधी होतात, पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या-सहाव्या वर्षापर्यंत चालते. दोन वर्षांचे शिंगरू उंचीने घोडा दिसते, पण ज्या पाठीवर माणूस बसणार ती अजून कच्ची असते. शर्यतीच्या धंद्याची घाई वेगळी. तिथे दोन वर्षांचे घोडेही पळतात. महालक्ष्मीची इंडियन डर्बी चार वर्षांच्या घोड्यांची, पण आपल्याकडे शर्यतीच्या सगळ्या घोड्यांचे वय १ जानेवारीला एकदम वाढते. त्यामुळे मार्चमध्ये जन्मलेला घोडा फेब्रुवारीच्या डर्बीत उतरतो, तेव्हा खरे तर चारही पुरे झालेले नसतात. शर्यतीच्या घोड्यांच्या दिमतीला पशुवैद्य आणि कसलेले जॉकी असतात. किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या शिंगराच्या दिमतीला कोण असते?

उलट ज्या वयाला बाजार ‘उतरलेला’ म्हणतो, तेच वय शिकाऊ स्वाराच्या कामाचे. टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताच्या फवाद मिर्झाने घोडेस्वारीत २३वा क्रमांक मिळवला तो सेन्यूर मेडिकॉट या घोड्यावर. त्याचे वय तेव्हा १५ होते. न्यूझीलंडच्या मार्क टॉडचा करिश्मा १९८४ आणि १९८८ असा दोनदा सुवर्णपदकाचा धनी झाला, दुसऱ्यांदा सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. ऑलिंपिकच्या नियमांनुसार तर आठ वर्षांखालच्या घोड्याला प्रवेशच नाही, अडथळ्यांच्या उड्यांसाठी नऊ. मग ज्याने कधी रिकिबीत पाय घातला नाही, त्याने तीन वर्षांचा बिनशिकवला वछेरा का घ्यावा? ढोल, फटाके आणि मोबाइलचे फ्लॅश सोसायलाही दहा-बारा वर्षांची शांत घोडीच बरी.

अर्थात शांत म्हणजे थकलेली नव्हे. डोळ्यांवर खळगे पडलेत, पाठ झोळीसारखी झालीय, चावलेल्या वैरणीचे बोळे तोंडातून गळताहेत, अशा घोड्याचा गरीबपणा हा गुण समजू नये. स्वार आणि खोगीर मिळून वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणजे ३०० किलोच्या तट्टावर ६० किलो. म्हातारपणी तेवढेही जड. ओझ्याच्या जनावरांसाठीचे १९६५चे नियम दिवसाला नऊ तासांची मर्यादा घालतात, आणि पारा ३७ अंशांवर जाणाऱ्या भागात दुपारी १२ ते ३ काम बंद ठेवायला सांगतात. वैशाखातल्या लग्नसराईत उन्हात ताटकळणाऱ्या घोड्यापर्यंत ही घड्याळे पोहोचत नाहीत.

शिवाय वयाचा हिशेब खरेदीच्या दिवशी संपत नाही. सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने व्हिक्टोरिया गाड्या बेकायदा ठरवल्या, तेव्हा चालकांच्या पोटापाठोपाठ घोड्यांचे काय हाही प्रश्न उभा राहिला. बारा वर्षांची घोडी घेणाऱ्याने तिला विसाव्या वर्षी कामातून सोडली, तरी पुढची पाच-दहा वर्षे भिजवलेला मऊ चारा, दातांची घासणी आणि दर सहा-आठ आठवड्यांनी खुरांची छाटणी यांचा खर्च त्याच्याच खिशातून जाणार. एका वरातीच्या भाड्यातले त्या वर्षांसाठी किती बाजूला पडते, हे सारंगखेड्याला जाणाऱ्या घोडेवाल्याने निघण्यापूर्वीच मांडून पाहावे. मग ओठ उचलावा.