जाहीर आवाहन : मालवणच्या पाण्यात उतरण्याआधी सिगारेट सोडा

चाळीसगाव शहर आणि तालुक्यातील सर्व नागरिकांना, विशेषतः दिवाळीच्या सुट्टीत कोकणात निघालेल्या तरुण मंडळींना हे आवाहन.

पावसाळा सरला की मालवण-तारकर्लीचं स्कूबा डायव्हिंग सुरू होतं आणि आपल्याकडच्या गाड्याही तिकडे वळतात. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या पाण्यात उतरून मासे आणि प्रवाळ पाहिल्याशिवाय आता कोकणची सहल पुरी झाली असं कुणाला वाटत नाही. विहिरीत आणि गिरणेच्या पाण्यात पोहायला शिकलेल्या आपल्या पोरांनी समुद्राचा तळ पाहावा, याचा मला मनापासून आनंद आहे. तेव्हा कुणाला पाण्यापासून अडवण्यासाठी मी हे लिहीत नाही. जे सिगारेट किंवा विडी ओढतात त्यांच्यासाठी आणि त्यांना सोबत घेऊन जाणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

इथून मालवण म्हणजे अख्खी रात्र गाडीत. जागं राहायचं म्हणून दर दोन तासांनी चहा, आणि चहासोबत सिगारेट. घाट उतरल्यावर आणखी एक. सकाळी जेटीवर बोटीची वाट पाहताना पोटात गोळा आलेला असतो, तेव्हा धीर यावा म्हणून शेवटची. मग थोटूक पायाखाली चिरडून मंडळी बोटीत चढतात. पाण्यात उतरायला याहून वाईट वेळ नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट धरतो. तो निम्मा बाहेर पडायलाच साधारण ४ ते ६ तास लागतात. म्हणजे रात्रभर ओढत आलेला माणूस सकाळी पाण्यात उतरतो तेव्हा त्याच्या रक्ताचा काही भाग ऑक्सिजन वाहून न्यायच्या कामाचाच राहिलेला नसतो. त्यातच निकोटिनमुळे रक्तवाहिन्या आवळलेल्या आणि हृदयाचे ठोके वाढलेले. पाठीवर सिलिंडर, समोर अनोळखी पाणी, मनात भीती, अशा वेळी हृदयावर किती ताण येत असेल याचा विचार करा.

यापेक्षा मोठी काळजी फुप्फुसांची. पाण्यात १० मीटर खाली गेलं की दाब दुप्पट होतो. विहिरीच्या तळातून सुटलेला बुडबुडा वर येता येता फुगत जातो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेलं आहे. छातीतल्या हवेचंही तेच होतं. २० फुटांवर भरून घेतलेला श्वास तसाच कोंडून कुणी वर आला, तर ती हवा पृष्ठभागापर्यंत दीडपटीहून जास्त फुगते. म्हणून स्कूबातला पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही. निरोगी माणसाची हवा श्वासासोबत आपोआप बाहेर पडते. सिगारेट ओढणाऱ्याच्या श्वासनलिकांत मात्र कफ साचलेला असतो आणि तो झाडून बाहेर काढणारे सूक्ष्म केस धुरानं मलूल झालेले असतात. एखाद्या बारीक नळीत कफाची गुठळी बसली, तर तिच्यामागची हवा अडकते. मग त्या माणसानं श्वास रोखलेला नसला तरी तेवढ्या भागात ती फुगत राहते आणि फुप्फुस फाटू शकतं. फाटलेल्या जागेतून हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत गेले, तर अर्धांगवायूसारखी अवस्था होते, जीवही जाऊ शकतो. त्यावरच्या उपचाराला दाबकक्ष लागतो, आणि तो काही तालुक्याच्या गावी मिळत नाही. असं रोज घडत नाही, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगतो. पण हौसेच्या अर्ध्या तासासाठी तेवढा धोका तरी का पत्करायचा?

‘आम्ही कुठं खोल जातो, पंधरा-वीस फूट तर जातो,’ असं मला नेहमी ऐकवलं जातं. पण वर येताना हवा सगळ्यात झपाट्यानं फुगते ती याच वरच्या थरात. ‘मी सिगारेट नाही, विडी ओढतो,’ असंही कुणी सांगतं. विडी सारखी विझते, म्हणून ती जास्त वेळा आणि जोरानं ओढावी लागते. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड कमी मिळत नाही.

आता डायव्हिंगआधी भरायच्या अर्जाविषयी. डायव्हिंगचा पूर्ण कोर्स करणाऱ्यांना जगभर एक आरोग्य-प्रश्नावली भरावी लागते. वय ४५ च्या पुढे असेल, तर सध्या धूम्रपान करता का, हा प्रश्न त्यात असतो. उत्तर ‘हो’ आलं, तर पाण्यात उतरण्याआधी डॉक्टरांची संमती लागते. दमा, छातीचे जुने आजार, हृदयविकार यांचीही विचारणा असते. एक दिवसाच्या सहलीत अनेकदा तब्येतीविषयी आपणच लिहून द्यायचं असतं, आणि बोट सुटायच्या घाईत सगळीकडे ‘नाही’वर खुणा होतात. हात जोडून विनंती करतो, तिथं खोटं लिहू नका. तुम्हाला हाताला धरून खाली नेणारा मालवणचा पोरगा त्याच कागदाच्या भरवशावर तुमची जबाबदारी घेत असतो. माझ्या डॉक्टर मित्रांनाही सांगणं आहे. ‘साहेब, फक्त सही पाहिजे’ म्हणत कुणी तसा अर्ज पुढं केला, तर आधी छातीला स्टेथोस्कोप लावा, गरज वाटल्यास फुंकर मारायची फुप्फुसाची चाचणी करून घ्या आणि मगच पेन उचला.

जाण्याच्या निदान दोन महिने आधी सिगारेट बंद करा. सोडल्यावर सुरुवातीचे काही आठवडे खोकला उलट वाढू शकतो, कारण साचलेला कफ सुटू लागतो. म्हणूनच आदल्या आठवड्यात सोडून भागत नाही. एवढी सवड उरली नसेल, तर डायव्हिंगच्या आधी किमान २४ तास एकही ओढू नका. त्यानं रक्त बरंचसं स्वच्छ होईल, फुप्फुस मात्र होणार नाही, हे लक्षात असू द्या. खोकला, सर्दी, छातीत घरघर असेल, तर पैसे भरलेले असले तरी बोटीतच बसा. सर्दीत कानाचा दाब सुटत नाही आणि पडदा फाटू शकतो.

सहलीचे म्होरके, गाडी ठरवणारे दादा-आप्पा यांना एक सांगतो. ‘चल रे, घाबरतो काय’ म्हणून कुणाला पाण्यात ढकलू नका. रात्रीच्या चहाच्या थांब्यावर पाकीट फिरवू नका. जो ‘मी नाही उतरत’ म्हणतो, त्याची चेष्टा होऊ देऊ नका.

सोडायला मदत हवी असेल, तर १८००-११-२३५६ या केंद्र सरकारच्या नि:शुल्क क्रमांकावर फोन करा, तिथं मराठीतही बोलता येतं. २०१८ पासून हा क्रमांक सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला आहे. घरच्यांना हा विषय काढायला संकोच वाटत असेल, तर त्यांनी आधी एकट्यानं माझ्याकडे यावं. स्कूबाचा अर्ज असेल तर तो कोराच आणा, आपण समोरासमोर बसून भरू.

आपला,
चाळीसगावातील एक डॉक्टर