वेश चालतो, वाणी का चालत नाही?

बुधवाऱ्यातील एका हायस्कुलाचे वार्षिक स्नेहसंमेलन मोठ्या थाटात पार पडले. शाळेचे नाव आम्ही मुद्दामच देत नाही. तेथे जे घडले ते या शहरातील दुसऱ्या कोणत्याही शाळेत घडले असते. आणि एकट्या मुख्याध्यापकांना चव्हाट्यावर आणून या प्रश्नाचा निकाल लागणार नाही. रंगमंचावर 'विविधतेत एकता' अशी कापडी पट्टी होती. खकनारकडच्या मुलींनी कोरकू नृत्य केले. मराठी मुलींनी नऊवारी नेसून फेर धरला. सिंधी मुलांनी नाच केला, विणकरांच्या मुलांनी कव्वालीचा रंग भरला. पाहुण्यांनी टाळ्या वाजविल्या आणि या देशाच्या बहुरंगी संस्कृतीवर यथासांग भाषण केले.

हे सर्व ठीक झाले. फक्त कोरकू नृत्याला कोरकू गाणे नव्हते. ध्वनिक्षेपकावर हिंदी सिनेगीत लावले होते आणि त्याच्या ठेक्यावर मुली पावले टाकीत होत्या. फेर धरणाऱ्या मुलींनी आपल्या कार्यक्रमाची चार वाक्यांची ओळख मराठीत करून देण्याची परवानगी मागितली होती. ती मिळाली नाही. 'पाहुण्यांना कळणार नाही' असे सांगण्यात आले. पाहुण्यांना नऊवारी कळते, बुगडी कळते, नथ कळते. चार मराठी वाक्ये तेवढी कळत नाहीत!

त्याच पंधरवड्यातील दुसरी गोष्ट याहून लहान आहे आणि आमच्या मते याहून गंभीर आहे. नववी व अकरावीच्या काही विद्यार्थ्यांनी शाळेच्या बातम्यांचे भित्तिपत्रक तयार केले. त्यात कबड्डीच्या सामन्याचा वृत्तांत मराठीत होता, सेवानिवृत्त होणाऱ्या शिपायाची मुलाखत उर्दूत होती आणि पिण्याच्या पाण्याच्या नळाविषयीची तक्रार, जी सर्वांत लांब होती, हिंदीत होती. भित्तिपत्रक दोन दिवस भिंतीवर राहिले. तिसऱ्या दिवशी ते खाली उतरविण्यात आले आणि 'सर्व मजकूर हिंदीत करून आणा' असा निरोप मिळाला. मुलांनी तो तसा करून आणला नाही. भिंत मोकळी राहिली. शिपाई निवृत्त होऊन घरी गेला. आपल्याविषयी मुलांनी काय लिहिले होते, हे त्याला दोनच दिवस वाचता आले.

आमचा आक्षेप हिंदीला नाही, हे प्रारंभीच सांगून टाकतो. नाही तर आमच्या विरोधकांना फार आयती सोय होईल. हिंदी या राज्याची भाषा आहे, बाजाराची भाषा आहे, आमचीही दुसरी भाषा आहे. आमचा आक्षेप 'हिंदीतच' यातील त्या शेवटच्या 'च'ला आहे.

त्या शाळेचा हजेरीपट उघडून पाहा. खानदेशी वळणाची मराठी बोलणारी केळीवाल्यांची मुले त्यात आहेत. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली आणि घरी उर्दू बोलणारी विणकरांची मुले आहेत. फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्यांची नातवंडे-पणतवंडे आहेत. बोहरी घरांतील मुले आहेत. त्यांच्या घरची भाषा मुळात गुजराती, पण ती अरबी लिपीत लिहिली जाते. निमाडी आहे, बारेली आहे, कोरकू आहे. वाराच्या नावाने मोहल्ले वसविणाऱ्या या शहरात, बुधवाऱ्यात, शनवाऱ्यात, इतवाऱ्यात, कोणत्याही गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटे उभे राहावे. दोन भाषा तरी कानांवर पडल्यावाचून राहत नाहीत.

आणि हे काही आजचे नव्हे. ज्यांना अनेक भाषांच्या भित्तिपत्रकाने शाळेची शिस्त बिघडेल असे वाटते, त्यांनी एकदा जामा मशिदीत जाऊन यावे. फारुकी सुलतान आदिलशहा, म्हणजेच राजे अलीखान, याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही मशीद बांधविली. तेथे अरबी लेखाबरोबर देवनागरीत कोरलेला संस्कृत शिलालेख आहे; त्यात फारुकी घराण्याची वंशावळ आहे आणि शके १५११ चा काळ नोंदविलेला आहे. सुलतानाचा दरबार संस्कृत बोलत नव्हता. तरीही ज्या प्रजेवर राज्य करावयाचे, तिच्या विद्वानांची भाषा आपल्या प्रार्थनास्थळाच्या भिंतीवर असावी, असे त्याला वाटले. पुढे याच शहरातून दख्खनचा कारभार पाहणाऱ्या अब्दुल रहीम खानखानानने बाबराचे तुर्की आत्मचरित्र फारसीत आणले आणि स्वतः हिंदीत दोहे रचले. चारशे वर्षांपूर्वी या शहरातील मशिदीच्या दगडी भिंतीवर दोन भाषा मावल्या. आज शाळेच्या भिंतीवर कागदाच्या तीन तावांना जागा मिळू नये!

येथे काही वाचक म्हणतील की, मराठीचे दुःख सांगा, इतरांचे कशाला? मराठीचे दुःखही सांगतो. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती आणि १९५० च्या राजभाषा कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राज्यकारभारात मान होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे ८ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि निमाड नव्या मध्य प्रदेशात राहिला. बऱ्हाणपूरच्या मराठी माणसाने घर बदलले नाही, गल्ली बदलली नाही, उंबरासुद्धा बदलला नाही. पण ३१ ऑक्टोबरच्या रात्री राजभाषा बोलत निजलेला हा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी भाषिक अल्पसंख्य म्हणून जागा झाला. सीमारेषा कोठे आखावयास हवी होती हा वाद सीमाभागातील वाचकांस नवा नाही आणि तो आज येथे आम्हांस काढावयाचा नाही. रेषेच्या अलीकडे राहिलेल्या मुलाला शाळेत काय मिळते, एवढेच आज पाहावयाचे आहे.

कायद्याने मिळते ते थोडे आहे आणि अर्ध्यावर संपणारे आहे. शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुले असतील तर त्यांस मातृभाषेतून प्राथमिक शिक्षण द्यावे, असे राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने १९४९ साली ठरविले. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांस मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याची जबाबदारी राज्यांवर टाकण्यात आली. पण कलमातील शब्द पाहा: शिक्षणाच्या प्राथमिक अवस्थेत. घटनेने मुलाला बोट धरून हायस्कुलाच्या पायरीपर्यंत आणले आणि तेथे त्याचे बोट सोडले. १९६८ च्या राष्ट्रीय धोरणाने हिंदी भाषिक राज्यांतील मुलांनी हिंदी व इंग्रजीखेरीज एक आधुनिक भारतीय भाषा शिकावी, असे सांगितले. तिच्या जागी बहुतेक ठिकाणी संस्कृत बसविण्यात आले. संस्कृतविषयी आम्हांस आदरच आहे. पण तिचा उपयोग शेजारच्या मुलाची जिवंत भाषा वर्गाबाहेर ठेवण्यासाठी व्हावा, हे संस्कृतलाही शोभणारे नाही. २०२० चे धोरण मातृभाषेला पाचवीपर्यंत आणि शक्यतो आठवीपर्यंत स्थान द्या म्हणते. त्या 'शक्य असेल तेथे'च्या आडोशाला कितीतरी शिक्षणाधिकारी निवांत झोप घेऊ शकतात.

परंतु भित्तिपत्रकाला यातले काय लागते? त्याला माध्यम लागत नाही, परीक्षा लागत नाही, अनुदान लागत नाही, मंत्रिमंडळाचा ठराव लागत नाही. तीन ताव कागद, शाई आणि चार खिळे लागतात. जे बिनखर्चात, बिनकायद्यात होणारे आहे तेसुद्धा नाकारले जाते, म्हणून आम्ही या क्षुल्लक वाटणाऱ्या घटनेवर एवढे लिहीत आहोत. हायस्कुलाच्या वयात मूल प्रथमच चार लोकांसाठी काही लिहू लागते. शाळेची बातमी हे त्याचे पहिले सार्वजनिक लेखन. आपली भाषा आजीशी बोलण्यापुरतीच आहे, दहा जणांसमोर मांडण्याजोगी नाही, असा धडा त्याला तेथे मिळाला, तर तो पुसून काढण्यास पुढे कोणतेही साहित्यसंमेलन पुरे पडत नाही.

विरोधी बाजूचे एक म्हणणे आम्ही प्रामाणिकपणे मान्य करतो. मुख्याध्यापकांस उर्दू येत नसेल, मराठी वाचता येत नसेल, तर न वाचलेल्या मजकुराची जबाबदारी त्यांनी कशी घ्यावी? ही खरी अडचण आहे. वावगा शब्द छापला गेला आणि गावात दंगा झाला, तर बदली त्यांचीच होणार. पण अडचण आहे म्हणून भाषाच बंद करणे म्हणजे नळ गळतो म्हणून विहीर बुजविणे होय. ज्या गावात उर्दूचे शिक्षक आहेत, मराठीचे निवृत्त मास्तर ओट्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत असतात, तेथे मजकूर तपासणारा माणूस मिळत नाही असे कोण म्हणेल?

'अशाने मुलांत फूट पडेल' हे दुसरे म्हणणे मात्र आम्ही मुळीच मान्य करीत नाही. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे शेकडा पाचच्या आसपास; त्यांची मुले स्वीडिश शाळांत शिकतात आणि शालान्त परीक्षाही स्वीडिशमधून देतात. तो देश फुटला नाही. इतके लांब कशाला जा? येथून काही कोसांवर, रावेरच्या अलीकडेच, जे राज्य सुरू होते त्याची पाठ्यपुस्तक संस्था, बालभारती, मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू, गुजराती, कन्नड, सिंधी व तेलुगू अशा ८ भाषांत पुस्तके काढते.

मात्र महाराष्ट्राकडे बोट दाखविताना उरलेली बोटे आपल्याकडे आहेत, हेही सांगितले पाहिजे. १६ एप्रिल २०२५ रोजी महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा म्हणून सक्तीची केली, तेव्हा मराठी माणूस खवळून उठला आणि २९ जूनला सरकारला माघार घ्यावी लागली. आम्हांस त्याचा आनंद झाला. पण कोवळ्या मुलावर परकी भाषा लादू नये हे तत्त्व खरे असेल, तर मेळघाटातील कोरकू मुलाला पहिल्याच दिवशी मराठी पुस्तक हाती देणाऱ्यांना ते का लागू होऊ नये? त्याच्या भाषेसाठी किती मराठी माणसे रस्त्यावर आली? आणि बऱ्हाणपुरातील आमच्या मराठी बांधवांनी आपल्याच घरात पाहावे. आजी मराठीत हाक मारते, नातू हिंदीत ओ देतो, आणि आई-बाप 'शाळेत सोपे जाते' म्हणून तेच पुढे चालू ठेवतात. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा पेढे वाटणाऱ्यांत हे आई-बापही होते. जनगणनेच्या फॉर्मवर मातृभाषेच्या रकान्यात हेच लोक 'हिंदी' लिहू देतात आणि मग मराठीचा आकडा घसरला म्हणून सभा भरवितात! कोरकू मुलीच्या गाण्यासाठी जो बोलणार नाही, त्याला आपल्या मुलीच्या चार वाक्यांसाठी बोलण्याचा अधिकार कितीसा उरतो?

म्हणून आमची मागणी एकट्या मराठीसाठी नाही. पुढील सत्रापासून त्या शाळेत, आणि शहरातील प्रत्येक हायस्कुलात, बातम्यांचा फळा सर्व भाषांस खुला करावा. प्रत्येक मजकुराखाली दोन ओळींचा हिंदी सारांश द्यावा. तो विद्यार्थ्यांनीच लिहावा, म्हणजे भाषांतराचा अभ्यासही आपोआप होईल. स्नेहसंमेलनात ज्या समाजाचा नाच त्याच समाजाचे गाणे असावे आणि ते कोणी शिकविले त्या आजीचे नाव पत्रिकेत छापावे. मराठी, उर्दू, सिंधी व गुजराती मजकूर तपासून देण्यास तयार असलेल्या निवृत्त शिक्षकांची यादी करण्याचे काम आम्ही आमच्याकडे घेत आहो. ज्या मास्तरांस व बाईंस आठवड्यातून एक तास देता येईल, त्यांनी आमच्या कचेरीत सायंकाळी पाचनंतर नाव नोंदवावे. कोरकू व बारेली जाणणाऱ्यांची गरज अधिक आहे.