भिंतीवरचे केळे

कलाबाजाराची टवाळी करणारी कलाही बाजारातच विकली जाते, आणि चढ्या भावाने! माउरीत्सिओ कातेलानने चिकटपट्टीने भिंतीला डकवलेले केळे नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात सुमारे ६२ लाख डॉलरांना गेले. धनिकांच्या मूर्खपणावरील हे जळजळीत भाष्य, असे समीक्षक सांगतात. असेलही. परंतु ज्याच्यावर भाष्य तोच गिऱ्हाईक! चपराक खाणाराच तिचे मोल हौसेने मोजतो, तेव्हा ती चपराक नव्हे, गुदगुल्या होत. ते केळे ज्या फळगाडीवरून ३५ सेंटांना आणले, तिच्यावरील वृद्ध नोकर तासाला १२ डॉलरांवर राबत होता. या भाष्यात त्याला जागा नाही.

घाव कोठे बसतो, हे १९७१ साली दिसले होते. हान्स हाके याने न्यूयॉर्कमधील एका घरमालक-गटाच्या १४२ मालमत्तांची छायाचित्रे आणि व्यवहारांचे तपशील मांडले. बहुतेक इमारती हार्लेम व लोअर ईस्ट साइड या गरीब वस्त्यांतल्या. माहिती सारी सरकारी दप्तरातली, कोणालाही पाहता येईल अशी. विनोद नाही, रूपक नाही. केवळ नावे, पत्ते, आकडे. गुगेनहाइम संग्रहालयाने उद्घाटनास काही आठवडे उरले असता प्रदर्शनच रद्द केले. संग्रहालयाच्या धोरणात राजकीय हेतूंना थारा नाही, ही सबब! हाकेची बाजू घेणारे अभिरक्षक एडवर्ड फ्राय यांना नोकरी गमवावी लागली. पुढे व्हिटनी संग्रहालयाने तीच कृती आपल्या संग्रहात घेतली, ती २००७ साली. मधे ३६ वर्षे उलटली होती.