सात महिन्यांचा कामगार

कारखान्यातला तात्पुरता कामगार कोणत्या दिवशी कायम होण्यास पात्र ठरतो, हे त्या कामगारापेक्षा कंपनीच्या एचआर खात्याला जास्त पक्के ठाऊक असते. कारखान्यातल्या सेवाशर्ती ठरवणाऱ्या महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांनी ही मर्यादा 12 महिन्यांत 240 दिवसांची ठरवली. तिचा परिणाम असा झाला की चाकणपासून वाळूजपर्यंत ‘सात महिने आणि ब्रेक’ ही जणू दुसरी कामगार संहिताच बनली. मुलगा मशीन शिकतो, हात बसतो आणि नेमका तेव्हाच त्याचा गेटपास बंद होतो. काही दिवसांनी तो दुसऱ्या ठेकेदाराच्या हजेरीपटावर, कधी त्याच कारखान्यात, पुन्हा नवखा म्हणून उभा राहतो. ब्रेक नको असेल, तर ‘ट्रेनी’ हा मार्ग आहेच. 1961 च्या अ‍ॅप्रेंटिस कायद्यानुसार शिकाऊ उमेदवार कामगार ठरत नाही. कायद्याचा हेतू कौशल्य देण्याचा होता. व्यवहारात अनेक ठिकाणी त्यातून पूर्ण पाळी भरणारा स्वस्त माणूस मिळाला.

ही प्रथा बेकायदा नाही, असे समजण्याचे कारण नाही. कामगारांना कायमपणाच्या हक्कापासून वंचित ठेवण्याच्या हेतूने वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा आहे, असे महाराष्ट्राचा 1971 चा कायदा स्पष्ट म्हणतो. केंद्राच्या नव्या औद्योगिक संबंध संहितेच्या परिशिष्टातही तोच आशय आहे. अडचण ‘हेतूने’ या अटीत आहे. मालकाच्या मनातला हेतू सिद्ध करायचा कोणी? ज्याच्याकडे नेमणूकपत्रसुद्धा नसते आणि ज्याला पुढच्या महिन्यात त्याच ठेकेदाराच्या दारात जायचे असते, त्याने. तक्रारी कमी येतात त्या यामुळे, आणि मग त्या कमी असल्याचा दाखला देऊन सारे आलबेल असल्याचे सांगितले जाते. दुसरीकडे, कारखान्यांतील कामगारांत ठेकेदारी कामगारांचा वाटा या शतकाच्या सुरुवातीला सुमारे 20 टक्के होता, तो आता 40 टक्क्यांच्या वर गेल्याचे केंद्राच्याच वार्षिक उद्योग पाहणीत दिसते. एवढे काम ‘तात्पुरते’ असेल, तर आपले उद्योगच हंगामी म्हणावे लागतील.

उद्योजकांचे म्हणणे सरसकट उडवून लावता येणार नाही. गाड्यांची मागणी चढते-उतरते, मॉडेल बंद पडते, निर्यात थांबते. मनुष्यबळ त्यानुसार हलवता यायला हवे. मान्य. पण मागणी घटल्यावर जागाच रिकामी राहते. इथे जागा भरलेलीच असते, फक्त तिच्यावरचा माणूस बदलतो. हा मागणीतला चढउतार नव्हे, हिशेबातली चलाखी आहे. उद्योग गुजरात-तमिळनाडूत जातील, ही भीतीही नेहमी घातली जाते. मात्र चाकणचा वाहन उद्योग 240 दिवसांची तरतूद आणि 1971 चा कायदा अस्तित्वात असतानाच बहरला. कायम झालेला माणूस कामचुकार होतो, या आक्षेपाला तर फारसे उत्तर देण्याचीही गरज नाही: शिस्तभंगाच्या कारवाईची तरतूद स्थायी आदेशांत आहेच. नव्या संहितेने मुदतबंद कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी दिली, हे चांगलेच. पण त्याच संहितेने स्थायी आदेशांच्या सक्तीची केंद्रीय मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर नेली. लहान पुरवठादार कारखान्यांत, जिथे ही फसवणूक सर्वाधिक सोपी, तिथेच संरक्षण पातळ झाले.

म्हणून मोजणी बदलली पाहिजे. या माणसाने किती दिवस भरले, हे विचारत राहिलो तर 239 व्या दिवसापर्यंत पळवाट राहणारच. ही जागा किती काळ भरलेली आहे, हे विचारावे. एखाद्या लाइनवरचे तेच काम सलग दोन वर्षे माणसे बदलून करून घेतले असेल, तर ती जागा कायम आहे, असे कायद्याने गृहीत धरावे आणि तसे नसल्याचे सिद्ध करण्याचा भार मालकावर टाकावा. पुरावा गोळा करायला नवी यंत्रणा लागणार नाही: भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन नोंदींत प्रत्येक माणसाची रुजू होण्याची आणि बाहेर पडण्याची तारीख असते. एकाच कारखान्यातून शेकडो माणसे सातव्या महिन्यातच बाहेर पडत असतील, तर राज्याच्या कामगार आयुक्तांनी तक्रारीची वाट न पाहता त्या नोंदी मागवून तपासणी सुरू करावी.