राहिलेली उड्डाणं आणि मागाहून भरलेली वही

मंडळी, आज थोडं भांडायचं आहे. भांडण एका बटणाशी आहे. इथे अमेरिकेत छोटी विमानं उडवणारे बहुतेक लोक आता उड्डाणांची नोंद फोनवरच्या लॉगबुक अ‍ॅपमध्ये ठेवतात. त्यात 'नवीन नोंद' असं बटण असतं. ते दाबायचं, तीन वर्षांपूर्वीची तारीख टाकायची, 'सेसना १७२', १.४ तास, लँडिंग ३, झालं! नोंद आपोआप जुन्या नोंदींच्या मधे जाऊन बसते आणि बेरीज बदलते. काल भरलेली ओळ कुठली आणि त्याच संध्याकाळी भरलेली कुठली, हे नंतर कोणाला ओळखता येत नाही.

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? उड्डाण राहून गेलं होतं, नंतर लिहिलं. इतकं काय त्यात?

सांगतो. वैमानिकाची वही म्हणजे हौशीची डायरी नाही. परवाना, पुढचं रेटिंग, विम्याचा हप्ता, एअरलाइनची नोकरी, सगळं त्या तासांवर ठरतं. भारतात व्यावसायिक परवान्याला २०० तास लागतात. अमेरिकेत फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ विमान कोसळून ५० माणसं गेली. त्यानंतर २०१० साली कायदा झाला आणि २०१३ पासून एअरलाइनच्या सहवैमानिकालाही, काही अपवाद सोडले तर, १५०० तास लागतात. म्हणजे तास हे चलन झालं. आणि चलन आलं की ते घरी छापायचा मोह आलाच!

हा मोह अ‍ॅपच्या आधीचा आहे. जुने वैमानिक खोट्या तासांना 'पी-५१ टाइम' म्हणतात. पी-५१ मस्टँग हे दुसऱ्या महायुद्धातलं नावाजलेलं लढाऊ विमान, पण इथे अर्थ 'पार्कर ५१' या फाउंटन पेनाचा. विमान जमिनीवरच, उडतं ते पेन! :-)

माझ्या ओळखीचा पुण्याचा एक मुलगा इकडे फ्लाइंग शिकायला आला आहे. मी हे बोलायला लागलो की वैतागतो. "दादा, उडालो तर होतोच ना मी! मग कधी लिहिलं याला काय महत्त्व?" वाद बिनतोड वाटतो, म्हणूनच तो नीट खोडायला हवा.

आधी त्याच्या बाजूचं. अमेरिकन नियम (भाग ६१, कलम ५१) प्रत्येक उड्डाण लिहा असं सांगतच नाही. परवाना, रेटिंग, दर २४ महिन्यांनी होणारा फ्लाइट रिव्ह्यू किंवा ताज्या सरावाची अट, यांसाठी जे उड्डाण मोजायचं तेवढं लिहिणं सक्तीचं. नोंद किती दिवसांत करायची याचीही मुदत त्यात नाही. म्हणजे राहिलेलं उड्डाण नंतर लिहिणं हा गुन्हा नव्हे. जाणूनबुजून खोटं लिहिणं मात्र आहे. कलम ५९ प्रमाणे त्यासाठी परवाना काढून घेतला जाऊ शकतो.

आता त्याच्या विरुद्ध. माणूस मागाहून आठवून लिहितो तेव्हा तो सहसा स्वतःच्या विरुद्ध चुकत नाही. १.१ चे १.५ होतात, १.५ चे १.१ झालेले मी पाहिले नाहीत. आणि आठवण येते तीही गरज पडल्यावर. प्रवासी बसवायचे तर गेल्या ९० दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग लागतात. रात्री न्यायचे तर ती रात्रीची आणि विमान पूर्ण थांबवून केलेली हवीत. शनिवारी पाहुण्यांना फिरवून आणायचं ठरलं की शुक्रवारी रात्री आठवतं, "अरे, मागच्या महिन्यात ते एक लँडिंग राहिलंच की लिहायचं!" झालंही असेल. पण मागच्या सीटवर बसलेल्या काकूंना त्या 'असेल'ची कल्पना नसते.

"पण आता पुरावा असतोच ना?" हा पुढचा प्रश्न. २०२० पासून इथल्या बऱ्याचशा हवाई हद्दीत एडीएस-बी सक्तीचं आहे, त्यामुळे विमानाचा मार्ग इंटरनेटवर सापडतो. खरं आहे. पण त्यावरून विमान उडालं एवढंच कळतं, ते कोण उडवत होतं हे नाही. क्लबचं विमान दहा जण वापरतात. त्यातला उजव्या सीटवर बसून फोटो काढणाराही तोच मार्ग स्वतःच्या नावावर चढवू शकतो.

खरं सांगू का, हे आपल्याला नवीन नाही. इंजिनिअरिंगला टर्म संपताना जर्नल कशी भरली जातात ते आठवा. उत्तर आधी, रीडिंग नंतर. ड्रॉइंगच्या शीटची काचेखाली दिवा लावून जीटी. 'प्रयोग तर झालाच होता ना!' २०११ साली भारतात बनावट गुणपत्रिकांवर परवाना मिळवल्याबद्दल वैमानिकांना अटक झाली, तेव्हा सगळ्यांना धक्का बसला. मला धक्का बसण्याचा बसला. ती सवय कॉलेजात बसून शिकवलीच जाते.

उलट आपल्याकडेच याचं चांगलं उदाहरणही आहे. तलाठ्याला नावं ठेवणं सोपं आहे, पण सातबाऱ्यावर नाव बदलायचं तर आधी फेरफार नोंदवहीत नोंद पडते, तिला क्रमांक मिळतो. बदल कधी आणि कशामुळे झाला हे त्यातून शोधता येतं. कागदी लॉगबुकातही तसंच. राहिलेलं उड्डाण पुढच्या रिकाम्या ओळीत, खरी तारीख घालून, 'नोंद राहिली होती' असा शेरा मारून लिहायचं. उशीर उघड दिसतो, आणि त्यात लाज काही नाही.

म्हणून माझं मागणं साधं आहे. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हे अवघड आहे असं मला कोणी सांगू नये. प्रत्येक नोंदीला दोन तारखा द्या: उड्डाण केव्हा झालं आणि लिहिलं केव्हा. दोन्ही छापील प्रतीवरही येऊ द्या. पुराव्याचा एक रकाना ठेवा: भाड्याची पावती, इंजिन चालू असतानाचे तास मोजणाऱ्या हॉब्स मीटरचं रीडिंग, प्रशिक्षकाची सही. यांतलं काहीच नसेल तर ते उड्डाण सोडून द्या. कमी तास दाखवले म्हणून कोणाचा परवाना जात नाही.

"मग माझे खरे दहा तास बुडाले त्याचं काय?" तो मुलगा विचारतो. बुडाले कुठे बाबा? त्या दहा तासांत हात जे शिकले ते हातातच आहे. फक्त ते दाखवून काही मागता येणार नाही, इतकंच. ज्याला हे नुकसान वाटतं, त्याला उडणं हवं आहे की आकडा, हे त्याने स्वतःलाच विचारावं. आणि त्याने उडवलेल्या विमानात बसायचं की नाही, ते मग आपण ठरवू.