गर्भवतीच्या पायांवरील सूज : उपाय आणि सावधानता

गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत सायंकाळी पावले जड होणे, चप्पल घट्ट होणे, जोडवी रुतू लागणे, हा अनुभव पुष्कळ भगिनींना येतो. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया ‘बाळंतपणानंतर उतरेल’ असे सांगून धीर देतात आणि बहुधा ते खरेही ठरते. या काळात शरीरातील रक्ताचे प्रमाण जवळजवळ दीडपट होते. शिवाय वाढत्या गर्भाशयाचा भार पायांकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेवर पडतो. त्यामुळे पाणी पायांत साठते. लोह्याकडील वैशाखाचे ऊन त्यात भर घालते.

अशा सुजेवर साधे उपाय पुरेसे आहेत. दिवसातून काही वेळ पाय उशांवर उंच ठेवून पडावे. निजताना डाव्या कुशीवर निजावे. ओट्यापाशी फार वेळ उभे राहू नये. अधूनमधून घोटे गोल फिरवावेत, थोडे चालावे. थंड पाण्यात पाय बुडवून बसल्यास आराम वाटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शनातही पाय उंच ठेवणे व पाण्यात बुडवणे हे उपाय सांगितले आहेत. जोडवी, पैंजण रुतण्यापूर्वीच काढून ठेवावेत.

सूज म्हणजे पाणी, म्हणून पाणी कमी प्यावे, हा समज चुकीचा आहे. चौविहार पाळणाऱ्या घरांत तर दिवसभर थोडे थोडे करून पुरेसे पाणी पोटात जाईल, याकडे लक्ष हवे. उन्हाळ्यात रात्रीचे पाणी आणि उपवास यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वडीलधाऱ्यांनी आग्रह धरू नये. मीठ अजिबात सोडू नये. मात्र हिरवी भाजी वर्ज्य असलेल्या तिथींना ताटात वाढणारे पापड-लोणचे आवरावे. पुनर्नवेचा किंवा इतर कोणताही काढा वैद्यकीय सल्ल्याशिवाय देऊ नये.

परंतु एका सुजेवर घरगुती उपाय नाही. विसाव्या आठवड्यानंतर चेहरा व हात एकाएकी सुजणे, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, बरगड्यांखाली वेदना, ही वाढत्या रक्तदाबाची लक्षणे असू शकतात. त्यातून आकडी येऊन माता व बाळ दोघांच्याही जिवावर बेतते. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक असल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. एकच पाय सुजून दुखू लागला, तर शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची शंका घ्यावी. अशा पायाला चोळू नये.

म्हणून कोणत्याही उपायाआधी रक्तदाब आणि लघवीतील प्रथिने तपासून घ्यावीत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत ही तपासणी विनामूल्य होते. धोक्याची लक्षणे दिसल्यास मात्र ९ तारखेची वाट पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लोह्याहून नांदेडच्या वाटेवरच विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

उशीवर ठेवलेले पाय विसावा देतात. धोका ओळखण्यासाठी तपासणीच करावी लागते. सुनेला दोन्ही मिळतील, हे घराने पाहावे.