चांदीचा टंच आणि कारागिराची मजुरी

उसाच्या बिलाचा हप्ता खात्यावर जमा झाला, की आपल्या सभासदांची एक फेरी नाशिकच्या सराफ बाजारात होतेच. लेकीला पैंजण, सुनेला जोडवी, नातवाच्या बारशाला वाळे नि करगोटा. पायात सोने घालायचे नाही ही आपली रीत, त्यामुळे चांदीवाचून लग्न उभे राहत नाही. तेव्हा हा विषय साखर कारखान्याच्या अंकात कशाला, असे कोणी म्हणू नये. सभासदाच्या घामाचा पैसा जिथे जातो, तिथले चार शब्द बोलणे आम्ही आमचे कामच समजतो.

पेढीवर काचेमागे दिसतो तो माल. तो घडवणारा मागच्या बोळात, दहा बाय दहाच्या खोलीत बसलेला असतो. मुशीत टाकणखार घालून चांदी वितळवायची, लगड ओतायची, ठोकून लांबवायची, पोलादी पट्टीच्या लहान लहान होत जाणाऱ्या भोकांतून तार ओढायची, कडीत कडी गुंफून डाक द्यायचा आणि शेवटी रिठ्याच्या पाण्यात घासून उजाळा आणायचा. यात जो कीस नि कण उडतो त्याची घट कारागिराच्या डोक्यावर. सराफाच्या दारातली धूळ धुऊन त्यातून कण काढणारे झारेकरी आपण पाहिलेलेच आहेत. तो कण कोणाचा तरी गेलेला असतो.

हा कारागीर पूर्वी आपल्या पदरची किलो-दोन किलो चांदी ठेवून स्वतःच्या जबाबदारीवर माल करी. २०१९ साली किलोचा भाव चाळीस हजारांच्या आसपास होता. २०२५ च्या अखेरीस तो दोन लाखांपलीकडे गेला. म्हणजे दोन किलोसाठी जिथे ऐंशी हजार लागत, तिथे चार लाख लागायला लागले. मजुरी काही पाचपट झाली नाही! चांदी महागली म्हणून गिऱ्हाईक हलका दागिना मागतो, आणि घासाघीस करायची ती मजुरीवरच, कारण भाव तर पेपरात छापून येतो. अशाने धनी असलेला माणूस दुसऱ्याच्या चांदीवर राबणारा मजूर होऊन बसतो. आमच्या मते या धंद्यातले खरे दुखणे हे आहे. यंत्र त्याच्या मागून येते.

यंत्राचा पैंजण स्वस्त नि एकसारखा मिळतो हे खरेच. ज्याला तेवढ्याने भागते त्याने तो खुशाल घ्यावा. पण आजीच्या तोड्यासारखाच तोडा नातीच्या मापाने करून द्यायला माणूसच लागतो.

आता टंचाचे. आपल्या आज्यांचे तोडे पुष्कळदा बंद्या रुपयांचे असत. राणीछाप रुपया तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा, आणि बारा भागांत अकरा भाग चांदी. रुपये मोजून सोनाराच्या हाती दिले की टंचाची हमी सरकारची. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आली, १९४७ साली रुपया निकेलचा झाला, आणि ती हमी गेली. उसाच्या उताऱ्यावर नि काट्यावर डोळ्यांत तेल घालून भांडणारे आपण, सराफाच्या दुकानात मात्र टंच विचारायला लाजतो. हिशेब पाहा: दोनशे ग्रॅमचे तोडे ९२५ टंचाचे असतील तर त्यात १८५ ग्रॅम चांदी. सत्तर टक्क्यांचे असतील तर १४०. फरक ४५ ग्रॅमचा, दोन लाखांच्या भावाने नऊ हजार रुपयांचा. हा फरक कळतो तो मोडीला गेल्यावर. आणि ‘जर्मन सिल्व्हर’ म्हणून जे मिळते त्यात तर चांदी नावालाही नसते. तांबे, निकेल आणि जस्त एवढेच.

चांदीला हॉलमार्क मिळतो, पण तो सोन्यासारखा सक्तीचा केलेला नाही. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्कबरोबर प्रत्येक नगाचा वेगळा क्रमांकही येऊ लागला, ही चांगली गोष्ट झाली. अडचण अशी, की हॉलमार्क नोंदणी केलेल्या जवाहिऱ्यालाच करून घेता येतो. बोळातला एकटा माणूस कागदपत्रे करील की तार ओढील?

इथे आपला अनुभव उपयोगी पडावा. एकट्या शेतकऱ्याला कारखाना काढणे शक्य नव्हते. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लोकांना एकत्र आणले म्हणून १९५० साली धुराडे पेटले. ऊस ज्याचा त्याच्या शेतात, गाळप एकत्र. तसेच इथे व्हावे: चांदीची खरेदी, टंच तपासणे, हॉलमार्कची नोंदणी एकत्र, घडण ज्याची त्याच्या खोलीत, ज्याच्या त्याच्या हाताची. कोल्हापूरकडच्या हुपरीत घरोघरी बायाबापड्या पैंजणाच्या कड्या जोडतात, आणि त्याच गावाला सहकारी साखर कारखानाही आहे. चांदी नि ऊस एका शिवारात नांदू शकतात.

१९६० च्या सहकार कायद्याप्रमाणे संस्थेला साधारणतः वेगवेगळ्या कुटुंबांतली दहा माणसे पुरतात. सराफ बाजाराच्या मागच्या बोळांत दहा कारागीर सहज निघतील. प्रश्न भांडवलाचा. आपल्या भागातल्या पतसंस्थांनी खेळत्या भांडवलाचा एखादा प्रस्ताव तयार करावा, अशी आमची सूचना आहे. २०२७ च्या सिंहस्थाला रामकुंडावर देशभरातून माणूस येईल, आणि सराफ बाजार तिथून चार पावलांवर आहे. त्या गर्दीत कोणाचा माल खपायचा हे आधीच ठरवावे लागेल. तोवर सभासदांनी एवढे करावे: पावतीवर वजन, टंच आणि मजुरी तिन्ही वेगवेगळी लिहून मागावीत, आणि घासाघीस करायचीच तर मजुरी सोडून करावी.